टॉवरवरचा माझा आवाज

४ ऑक्टोबर, रविवार

आले एकदाची! दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि कुंडीतलं एक मरतुकडं झाड, जे प्रवासात माझ्यापेक्षा जास्त हलून निघालं. क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट रनवे. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही भांडी घासताना विमानं मोजणार मी. खिडकीला पडदा लावावा का यावर थोडा विचार केला आणि नाही लावला.

संध्याकाळी टॉवर पाहून आले. लिफ्ट आहे, पण ती चालताना पाहिलेला माणूस अजून भेटला नाही. एकशे चार पायऱ्या. वर पोचले तेव्हा बोलायला श्वास उरला नव्हता. टॉवरचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी, मग बदलीचा कागद मागितला. माणूस बरा वाटला.

चारी बाजूंनी काच आणि त्यापलीकडे आभाळच आभाळ. दिवसाला अकरा विमानं उतरतात, अकरा उडतात, सूर्य मावळला की विमानतळाला कुलूप. मागच्या ठिकाणी एवढी तासाभरात व्हायची. साहेब म्हणाले, इथे तुम्हाला झोप येईल. मी म्हटलं, येऊ दे, सात वर्षांची राहिलीय.

खूप दिवसांनी हलकं वाटतंय. नवी जागा, नवी माणसं. इथे कुणालाच माझ्याबद्दल काही ठाऊक नाही.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

मी दहा वर्षांची नियंत्रक असले तरी नव्या टॉवरवर महिनाभर शिकाऊच. माझे गुरू म्हणजे दाढीवाला. वयाने माझ्याहून लहान, पण दाढी बघून मी पहिल्या दिवशी त्याला अहो-जाहो केलं. त्याने ते आनंदाने करू दिलं.

काम तेच. खाली रनवे, वर विमानं, मध्ये आम्ही. दुसऱ्या इमारतीत रडारपुढे अप्रोचवाला बसतो. लांबून येणारी विमानं तो रांगेला लावून आमच्या ताब्यात देतो आणि आम्ही उतरवतो. उतरायला आलेल्या विमानापुढे काही अडचण दिसली, तर आमच्याकडे दोन शब्द आहेत: गो अराउंड. वैमानिक जोर देऊन विमान परत वर काढतो. आम्ही लगेच हॉटलाइनवर अप्रोचला कळवतो, म्हणजे तो त्याला वळसा घालून पुन्हा रांगेत घेतो. वैमानिक स्वतःहूनही असं करतात. आत बसलेल्या प्रवाशांना वाटतं, आता संपलं सगळं. खरं तर ती सगळ्यात सुरक्षित गोष्ट असते. घाबरायचं असतं ते हे दोन शब्द न बोलण्याला.

आणखी एक महत्त्वाचा माणूस म्हणजे पक्षीकाका. जीप घेऊन रनवेवरचे पक्षी हाकलतात. हातात भोंगा, खिशात फटाके, आणि घरी स्वतःच्या मुलीने पाळलेले चार पोपट. रनवेवर जायचं तर आधी वॉकीटॉकीवर आमची परवानगी घेतात.

माझ्या खुर्चीवर एक विणलेली निळी उशी आहे. ती मावशींची. मावशी म्हणजे आधीच्या नियंत्रक. बावीस वर्षं याच खुर्चीत, आणि एक चूक नाही. ऑगस्टमध्ये ड्युटी संपवून घरी गेल्या, चहा ठेवला आणि गेल्या. दाढीवाला सांगत होता, नियमात बसत नसलं तरी मावशी प्रत्येक विमानाला शेवटी 'सावकाश या' म्हणायच्या, आणि वैमानिक म्हणे त्या दोन शब्दांची वाट पाहत असत.

मी उशी बाजूला ठेवली. पाठीला टोचते.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

परीक्षा पास! साहेबांनी माझी सही घेतली, हात मिळवला, आणि वर म्हणाले, मावशींची खुर्ची आता तुमची. मी हसले. महिनाभर हेच चाललंय. चहात साखर कमी पडली तरी मावशी आठवतात. मी फ्रीक्वेन्सीवर आले की वैमानिक क्षणभर थांबतात, मग बोलतात. त्या थांबण्याचा अर्थ कळतो मला. वाट दुसऱ्याच आवाजाची असते.

असो. माणसं हळूहळू सवय करून घेतात.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांचा फोन. आवाज असा की मला वाटलं, लॉटरी लागली. धाकटी कॅप्टन झाली. आणि कॅप्टन म्हणून तिचा पहिला मार्ग माझ्या विमानतळावरून जातो, आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेअकराला. बाबा म्हणाले, आता एक लेक उडवणार आणि दुसरी उतरवणार. मग आईने फोन घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. म्हणजे दोघांनी आधीच पाठ केलं होतं.

मी म्हटलं, छान झालं. तीनदा म्हटलं.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. विमान आधी मी शिकायला गेले होते. मी मोठी, घरातलं ते पहिलं स्वप्न माझं. अकराव्या धड्याला उतरताना मी गोठले. शिक्षक शेजारी ओरडताहेत आणि माझा हात नुसता ठेवलेला. त्यांनी विमान वर काढलं, खाली आणलं, आणि माझ्याशी फार प्रेमाने बोलले. त्या प्रेमाचा मला अजून राग आहे. दोन वर्षांनी धाकटी गेली. माझी पुस्तकं, माझा हेडसेट, माझ्या समासातल्या नोंदी सुद्धा. तिला रेडिओवर बोलायचं भय होतं, म्हणून मी घरी शिकवायचे. ती दाराच्या त्या बाजूला वैमानिक, मी या बाजूला टॉवर. "धाकटे, घाबरू नकोस, मी सांगते तेवढं कर," असं म्हणायचे मी.

आता दिवाणखान्यात तिचा गणवेशातला फोटो आहे. तिथे आधी माझा होता, पदवीचा. आईने तो आतल्या खोलीत नेला, म्हणाली, तिथे ऊन कमी लागतं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज ती आली.

आकाश स्वच्छ, वारा मंद. अकरा वाजून बावीस मिनिटांनी अप्रोचने विमान माझ्याकडे दिलं, आणि हेडसेटमध्ये धाकटीचा आवाज. नियमातलेच शब्द, पण प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. मीही नियमातलंच बोलले. उतरायची परवानगी दिली. ती तीन मैलांवर होती. त्याआधी एक छोटं खाजगी विमान उतरलं होतं आणि रनवेवरून रमतगमत बाहेर निघत होतं. मी त्याला घाई करायला हवी होती. दुर्बिणीतून मी धाकटीचं विमान बघत बसले. चाकं उघडलेली, पंख एकदम सरळ. काय सरळ!

मग 'गो अराउंड' ऐकू आलं. 'सावकाश,' असंही. तिने लगेच उत्तर दिलं, विमान वर उचललं, डोक्यावरून निघून गेली. छोटं विमान तेव्हा बाहेर पडत होतं. दहा मिनिटांनी ती परत आली आणि कापसासारखी उतरली.

शेजारी बसणारा सहायक म्हणाला, मॅडम, वेळेवर बोललात. साहेब वर येऊन पाठ थोपटून गेले. मी घोट घोट पाणी पीत होते, घसा धरल्यासारखा झाला होता.

दुपारी तिचा फोन. "ताई, काय शांत बोललीस गं! मी आधी इथे यायचे ना, एकदम तेव्हाच्या मावशींचीच आठवण आली."

मी म्हटलं, अगं, कामच आहे ते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

प्रत्येक गो अराउंडचा अहवाल लिहावा लागतो, म्हणून कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज माझाच आहे. स्वच्छ, ठाम, आणि मागून ते 'सावकाश'.

पण काल त्या क्षणी माझ्या एका हातात दुर्बीण होती आणि दुसऱ्यात चहाचा कप. बोलायचं बटण दाबायला तिसरा हात नव्हता.

सवयीने दाबलं असेल. दहा वर्षांची सवय आहे. अहवालावर माझं नाव लिहिलं. साहेबांनी शेरा दिला: उत्तम निर्णय. तो शेरा मी दोनदा वाचला, हेही लिहून ठेवते.

२५ नोव्हेंबर, बुधवार

धाकटीच्या विमानात काही बिघाड निघाला, दुरुस्तीला चार तास. ती पायऱ्या चढून टॉवरवर आली. एकशे चार. दम लागला नाही तिला.

पाच मिनिटांत सगळे तिचे झाले. दाढीवाल्याने तिला सुट्टीच्या दिवशी घरून येऊन चहा करून दिला. मला दोन महिन्यांत त्याने किटली कुठे आहे हेही दाखवलं नव्हतं. पक्षीकाका जीप सोडून वर आले, पोपटांचे फोटो दाखवले. साहेबांनी तिच्याबरोबर फोटो काढला आणि मला म्हणाले, मॅडम, जरा बाजूला, काचेवर सावली पडतेय.

मग तिने ती निळी उशी पाहिली. कपाटावर ठेवली होती मी. तिने उचलून पोटाशी धरली आणि रडायला लागली. सहवैमानिक असताना ती तीन वर्षं इथे यायची. मावशींना तिने कधी पाहिलं नव्हतं, नुसता आवाज. म्हणाली, तो आवाज ऐकला की घरी पोचल्यासारखं वाटायचं. सगळ्यांचे डोळे भरले. माझेही भरायला हवे होते.

जाताना जिन्यात मला मिठी मारून म्हणाली, "पण मावशींच्या आधी माझा टॉवर तूच होतीस, ताई. त्या दाराआडची."

रात्रभर तेच चघळतेय. मावशींच्या आधी. म्हणजे नंतर मावशी. माझी जागा मला ठाऊक नसताना कधीच दुसरीला देऊन टाकली होती तिने.

१ डिसेंबर, मंगळवार

नीट लिहिते. क्रमाने लिहिते.

अकरा वीसला पक्षीकाकांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, रनवेच्या तोंडाशी घारी गोळा झाल्यात, दहा-पंधरा असतील, येणाऱ्या विमानाला कळवा. मी ठीक म्हटलं.

अकरा पंचवीसला धाकटी आली. मी परवानगी दिली. घारींचं बोलले नाही. का नाही बोलले? तिने आल्या आल्या हसत विचारलं होतं, आज 'सावकाश' म्हणणार ना, टॉवर? माझ्या डोक्यात तेच घुमत होतं.

ती दीड मैलावर. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. तोंडात पाणी होतं. नक्की होतं, कारण पुढच्या क्षणी ते सगळं टेबलावर उडालं. हेडसेटमध्ये कुणीतरी हळूच खाकरलं, वयस्कर बाई खाकरते तसं. आणि मग माझा आवाज म्हणाला: गो अराउंड, समोर पक्षी आहेत. सावकाश.

ती वर गेली. घारी तिच्या खालून पांगल्या.

मी अप्रोचला कळवायला हॉटलाइन उचलली. तो म्हणाला, "अहो मॅडम, आत्ताच तर सांगितलंत. घेतलंय मी तिला रांगेत." मी विचारलं, काय सांगितलं मी? तो हसला. म्हणाला, आज गोड बोललात, नेहमी बोला असं.

घसा पार बसलाय. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. आत दिवा घालून पाहिलं. काही नाही म्हणाले. जास्त बोलणं झालंय का?

२ डिसेंबर, बुधवार

दिवसभर रेकॉर्डिंग ऐकली. माझ्या ड्युटीत एकशे चौऱ्याण्णव विमानं उतरली. ते बोलणं फक्त दोन वेळा. दोन्ही वेळा धाकटीच्या विमानाला.

म्हणजे मेलेल्या बाईलाही तीच लाडकी.

हसू येतंय. आणि दुसरंही काहीतरी येतंय, ज्याला नाव द्यावंसं वाटत नाही. बावीस वर्षं एवढ्या वैमानिकांना उतरवलं त्या बाईने, आणि परत यायचं ते माझ्या बहिणीसाठी? तेही माझा गळा वापरून? आणि धाकटीला आवडतं ते. मी सरळ बोलते तेव्हा नुसतं 'रॉजर' आणि ती बाई बोलते तेव्हा 'ताई, काय शांत बोललीस'.

५ डिसेंबर, शनिवार

दाढीवाल्याला थोडंसं सांगून पाहिलं, आडून आडून. माझ्या गळ्याबद्दल. तो म्हणाला, रजा घ्या, तुमच्या ड्युट्या मी करतो.

करशील तू. आणि तिच्याशी बोलशील तू. आणि ती तुला म्हणेल, काय शांत बोललास.

रजा नको म्हटलं.

तो जाताना एक विचारून गेला. त्या दोन्ही दिवशी नेमकं काय झालं होतं, मॅडम? छोट्या विमानाला घाई का नाही केली? आणि घारींचं पक्षीकाकांनी सांगितलं होतं ना?

एकशे चौऱ्याण्णव विमानांमध्ये माझ्या चुका दोन. दोन्ही तिच्याच वेळी.

हे मी लिहिलं, पण मला पटलेलं नाही.

८ डिसेंबर, मंगळवार

आज ती उतरली. माझी एकही चूक नाही. मी लक्षात ठेवून, बोटांवर मोजून, सगळं बरोबर केलं. तो आवाज आला नाही. पण हेडसेटमध्ये सतत श्वास होता. कुणीतरी माझ्या मागे उभं राहून वाट बघतंय, मी आता चुकते का म्हणून.

दुपारी एक ते दोन विमान नसतं. सहायक जेवायला खाली गेला. मी टॉवरवर एकटी. भर दुपारी, चारी बाजूंनी ऊन, आणि माझ्या पाठीवर काटा.

मी मोठ्याने बोलले. म्हटलं, मावशी, ही खुर्ची माझी आहे. गळा माझा आहे. बहीण माझी आहे. तुमचं इथे काही नाही. जा तुम्ही.

 मग हेडसेट, जो टेबलावर काढून ठेवला होता, त्यातून माझाच आवाज, पण थकलेला, मायेचा:

"जाते गं बाई. पण मग तिला तू सांभाळ. मी फक्त तुला थांबवत होते."

कुणाला थांबवत होत्या? मला?

मी उशी उचलून जिन्यावरून खाली फेकली. ती किती तरी वेळ पडत राहिली.

९ डिसेंबर, बुधवार

श्वास गेला. हेडसेट रिकामा. फार शांत.

आवाज मात्र अजून येत नाही नीट. सकाळी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणायला तीन वेळा लागलं.

बाबांचा फोन. उचलला नाही. नंतर संदेश पाहिला: धाकटीची मुलाखत छापून आलीय. तिने सांगितलंय की रेडिओवर बोलायला तिला मोठ्या बहिणीने शिकवलं. कात्रण पाठवतो.

कात्रण पाहिलं. बहिणीचं नाव नाही. नुसतं 'मोठी बहीण'.

१० डिसेंबर, गुरुवार

झोप नाही. एक गोष्ट कळली, आणि कळली नसती तर बरं. मावशींनी आवाज उधार घेतला होता तो माझा. शब्द त्यांचे. आता त्या नाहीत. पण आज दुपारी मी तोंड मिटून बसले होते आणि स्पीकरवर कुणीतरी हळूच हसलं.

माझं हसू. धाकटी पडली की लहानपणी हसायचे तसं—

उद्या रजा घेते. नाही, उद्या ती येणार आहे. दाढीवाला नको. उद्याचा दिवस मीच. मग रजा.

११ डिसेंबर, शुक्रवार

९.४० — धुकं. रनवेचं पलीकडचं टोक दिसत नाही. आवाज घोगरा, पण आहे. दोन विमानं उतरवली. व्यवस्थित. वही इथेच टेबलावर ठेवते. लिहीत राहिलं की डोकं जाग्यावर राहतं.

११.१५ — पक्षीकाका आत जायला विचारताहेत. पलीकडच्या टोकाला मेलेला पक्षी आहे. परवानगी दिली.

११.२४ — धाकटी आली. उतरायची परवानगी दिली.

जीप अजून आत आहे. मला ते माहीत होतं का? होतं. लिहितेय तर खरं लिहावं. बोलताना मला माहीत होतं. अगदी स्वच्छ माहीत होतं आणि तरी शब्द निघाले—

११.२५ — आता परत घेते. सांगते. बटण दाबलंय.

आवाज नाही. घसा उघडा, हवा येते, आवाज नाही—

सहायक खाली गेलाय. हॉटलाइन उचलली. अप्रोचवाला हॅलो हॅलो म्हणतोय. मी नुसती हवा. त्याने ठेवला.

वॉकीटॉकीवर पक्षीकाका. "मॅडम, जीप सुरू होत नाहीये. विमान थांबवा जरा. मॅडम? ऐकताय ना?"

लाल दिवा दाखवला काचेतून. धुकं. तिला दिसणार नाही. टेबल बडवलं. मावशी, या. चुकले मी. या ना परत. माझा गळा घ्या, सगळी मी घ्या—

कुणी नाही. रिकामं.

दोन मैल.

ती बोलतेय. नियमातलं नाही. दाराआडून बोलायची तसं बोलतेय— "ताई, खूप धुकं आहे गं. खाली मोकळं आहे ना? एकदा सांग."

देवा, ती विचारतेय. मी गप्प राहिले तर ती जाईल वर. उत्तर आलं नाही की वर जायचं, मीच शिकवलंय. गप्प राहायचं. फक्त गप्प—

हात बटणावर नाही. दोन्ही हात वहीवर आहेत. तोंड बंद आहे.

स्पीकरवर मी बोलतेय. काय गोड बोलतेय. एवढं गोड मी आयुष्यात—

"मोकळं आहे, धाकटे. घाबरू नकोस, मी सांगते तेवढं कर. उतर."

या वेळी शब्दही माझेच.

नको ऐकूस. धाकटे, ती मी नाही, ती मी— गो अराउंड गो अराउंड गो अरा

ती हसली. सुटल्यासारखी हसली. म्हणतेय, थँक यू, ता